रानपिंगळ्याच्या दारी पीएच.डी.

इकॉलॉजी शिकायला परदेशी गेलेल्या मुलांचे फोटो सगळे एकाच साच्यातले असतात. गळ्यात दुर्बीण, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मागे ओलंगच्च जंगल आणि चेहऱ्यावर डास चावल्याचं समाधान. फोटो बहुधा कोस्टारिकातल्या ला सेल्व्हा केंद्रावरचा असतो, नाहीतर पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरचा. हे बेट मुळात बेट नव्हतंच. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, पाणी चढत गेलं, आणि एका डोंगराचा माथा तेवढा वर उरला. 1923 पासून तिथं शास्त्रज्ञांचा राबता आहे आणि सगळा कारभार आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. 1980 च्या सुमारास त्या माथ्यावर 50 हेक्टरांचा एक तुकडा आखला आणि त्यातलं एक सेंटिमीटर जाडीच्या वरचं प्रत्येक झाड मोजून घेतलं. असली झाडं दोन लाखांवर भरली. काम संपलं म्हणून कोणी टाळी वाजवायच्या आत ठरलं, की दर पाच वर्षांनी पुन्हा मोजायची. बांधावरच्या चार निंबांची सातबाऱ्यावर नोंद व्हावी म्हणून ज्याने चपला झिजवल्या असतील, त्याने तरी हे दृश्य एकदा पाहायला हवं.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या घरातला मुलगा असं काही शिकायला निघाला, तर घरच्यांची पहिली अडचण अंतराची नसते. केळी पिकवणाऱ्या माणसाने पनामा हे नाव ऐकलेलं असतं ते रोगाचं. झाड उभ्याउभ्या पिवळं पडून वाळतं, त्या मर रोगाला शेतीच्या पुस्तिकांत पनामा म्हणतात. मुलगा स्वतःच्या पायाने रोगाच्या माहेरी चाललाय, हे बापाला पटायला वेळ लागतो. निरोप देताना बाप एवढंच सांगतो, 'तिकडून येताना बुटाची माती धुऊन ये.' एरवी कोणी हसलं असतं. पण या रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि बुटाला लागलेल्या चिखलातून गावोगाव फिरते. म्हणजे मुलाच्या पहिल्या सत्रातला एक धडा बापाने जळगावच्या फलाटावरच उरकून टाकलेला असतो.

तिकडे पोचल्यावर न्याहारीला हिरवी केळी येतात, जाड काप करून, तळून, चेपून पुन्हा तळलेली. मुलगा घरी फोटो पाठवतो. फैजपूरच्या मावशीचं मत लगेच येतं: 'वेफर्स फार जाड झाले. किसणी नाही का तिथं?'

पण उष्ण कटिबंधात जायला विमानच लागतं असं कोणी सांगितलं? कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर. जळगाव एकविसाच्या आसपास, धुळं त्याच्या किंचित खाली. आख्खा खानदेश कटिबंधाच्या आत बसला आहे, आणि मे महिन्यात दुपारी दोनला भुसावळच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला ते नकाशा न उघडताही कळतं. आपल्याला एवढंच सुचत नाही, की आपण जिथं राहतो तेही कोणाचंतरी परदेश असू शकतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तीन अमेरिकन माणसं याच परदेशात आली, भाड्याच्या गाडीतून सातपुड्याच्या पायथ्याशी फिरली, आणि एका घुबडासाठी जगाच्या पक्षीशास्त्रात शहाद्याचं नाव लिहून गेली.

ते घुबड म्हणजे रानपिंगळा. गावातल्या वडाच्या ढोलीत बसून आपल्याकडे डोळे वटारणारा तो साधा पिंगळा. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊ: डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद पट्टा, पोट पांढरं, पाय पांढऱ्या पिसांनी गच्च भरलेले, चोच आणि डोकं अंगाच्या मानाने जरा जास्तच मोठं. 1872 मध्ये ब्लेविट नावाच्या माणसाने आजच्या छत्तीसगडात तो पहिल्यांदा मिळवला, पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूमने त्याचं वर्णन छापलं. (हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते. घुबड आणि काँग्रेस यांची सांगड इतिहासाने घातली आहे, लेखकाने नाही.) त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने इथल्या रानातून आणखी काही नमुने गोळा केले. 1884 नंतर पक्षी गडप. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले सात रानपिंगळे, आणि जिवंत एकही कोणाला दिसेना.

नाही म्हणायला एक नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने 1914 साली गुजरातेत, मांडवीजवळ, रानपिंगळा मिळवल्याचं सांगितलं होतं. कर्नल म्हणतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? पुढे सलीम अली आणि डिलन रिप्लींसारख्यांनी हा पक्षी शोधला तेव्हा ही नोंद वाट चुकवायला हजर होतीच. नव्वदीच्या दशकात पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कोलार या पक्षीशास्त्रज्ञांनी कर्नलचा नमुना उघडून तपासला, तेव्हा आतली भरणी बदललेली, पण कातडं सोलण्याची आणि शिवण्याची जुनी खूण राहून गेलेली दिसली. ती ढब डेव्हिडसनची होती. थोडक्यात, डेव्हिडसनने खानदेशातून नेलेला पक्षी कर्नलने लंडनच्या संग्रहालयातून लंपास केला, नव्याने शिवला आणि वर गुजरातचं लेबल लावलं. याच गृहस्थाला त्या संग्रहालयाने पक्ष्यांच्या दालनात यायला एकदा बंदीही केली होती! खानदेशचा कापूस बाहेर जाऊन दुसऱ्याच्या नावाने विकला जातो हे आपल्याला माहीत होतं. घुबडाच्या बाबतीतही तेच घडेल असं वाटलं नव्हतं.

मांडवी खोटी ठरली तसा नकाशा साफ झाला. खऱ्या लेबलांवरची गावं तेवढी उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे ते तिघे अमेरिकन आधी पूर्वेकडे छत्तीसगडच्या बाजूला भटकले, तिथं काही हाती लागलं नाही, मग खानदेशात आले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा ऊन खात बसलेला होता. 113 वर्षं हरवलेला पक्षी आणि चक्क दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर! त्याच्या बाजूने विचार केला तर तो हरवलेला नव्हताच. तो रोज त्याच वेळेला तिथं येऊन बसत असणार, आणि खालून जाणाऱ्या बैलगाडीतली माणसं त्याला पाहतही असणार. फक्त कोणी विचारलं नव्हतं. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सात महिने होते. त्यामुळे पुस्तकात आता नंदुरबार छापलं, तरी या शोधाच्या मालकीवर धुळेकर अधूनमधून हक्क सांगतात.

या शोधाने पक्ष्याचं काय भलं झालं हा वेगळा विषय. विद्यार्थ्यांचं मात्र भलं झालं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात रानपिंगळ्याचा दीर्घ अभ्यास केला. मग यावल अभयारण्य, मेळघाट, मध्य प्रदेशातलं खकनार अशी नावं येत गेली. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना एक नवी जमात पाहायला मिळाली: पहाटे पाचला उठणारी, दुपारी झाडाखाली बसून वहीत लिहिणारी, आणि विचारलं तर 'घुबड बघतोय' असं सरळ तोंडाने सांगणारी.

समजा, शिरपूरकडचाच एक मुलगा हा अभ्यास घेतो. परदेशातल्या मित्राला बेटावर खानावळ आहे, प्रयोगशाळा आहे, ये-जा करायला बोट आहे. याला एसटी आहे. पालला, नाहीतर चोपड्याच्या वर वैजापूरच्या बाजूला, एका पाड्यात भाड्याची खोली आहे. खोलीला मोबाइलची रेंज नाही, ती टेकडीवरच्या सालईच्या झाडाखाली येते, म्हणून गाईडशी बोलताना मागून नेहमी शेळ्यांचा आवाज येतो.

रानपिंगळ्याची एक गोष्ट मात्र विद्यार्थ्याच्या सोयीची. घुबड असूनही तो दिवसा जागा असतो. थंडीत सकाळी झाडाच्या शेंड्यावर ऊन खातो, मग खालच्या फांदीवर येऊन सावज हेरत बसतो. कचेरीच्या वेळा पाळणारं घुबड मिळालं म्हणून मुलगा पहिल्या आठवड्यात खूश असतो. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात येतं, की घुबडाचं काम म्हणजे बसणं. तासभर बसणं, शेपटी डावी-उजवीकडे झटकणं, मग पुन्हा बसणं. वहीत दर पाच मिनिटांनी नोंद करायची असते. 7.05 बसला आहे. 7.10 बसला आहे. 7.15 शेपटी हलवली. 7.20 बसला आहे. या वह्या पुढेमागे कोणा नातेवाइकाच्या हाती लागल्या, तर सरकार कशाला पैसे देतं हा प्रश्न लोकसभेत जायचा.

आणि घुबड बसलं म्हणून माणसाला बसता येतंच असं नाही. सागाच्या रानात हिवाळा संपता संपता पानगळ होते. सागाचं वाळकं पान म्हणजे पत्रावळीएवढा पापड. एक पाऊल टाकलं की अर्ध्या डोंगराला वर्दी. पक्षी उडून जातो, आणि तो कुठं गेला हे पाहायला पुढं जावं, तर पुन्हा पापड. पायमोज्यांत कुसळं रुततात, रात्री कंदिलाशी ती एकेक काढणं हा दिवसाचा शेवटचा कार्यक्रम. खाजकुयरीच्या वेलाला एकदा हात लागला की त्या दिवसाच्या नोंदी वाचता येत नाहीत. पाड्यावर यावर शेण लावायला सांगतात. शोधनिबंधातल्या 'कार्यपद्धती' या प्रकरणात शेणाचा उल्लेख नसतो, एवढंच.

दुपारचं काम आणखी वेगळं. रानपिंगळा पाली, सापसुरळ्या, उंदीर असं काय काय गिळतो, आणि न पचलेली हाडं, केस, खवले यांची गोळी करून ओकून टाकतो. बसायच्या झाडाखाली या गोळ्या पडलेल्या असतात. त्या वेचायच्या, तारीख घालून डबीत भरायच्या, पाण्यात भिजवून चिमट्याने हाडं वेगळी करायची. तोरणमाळच्या अभ्यासातून कळलं, की त्याच्या खाण्यात साठेक टक्के सरडे-सापसुरळ्याच असतात. पुस्तकात हे एका ओळीत येतं. ती ओळ लिहिण्यासाठी घुबडाची ओकारी किती डब्यांत साठवली होती आणि त्यातली एक डबी चुकून चुन्याची समजून घरमालकाने कशी उघडली, हे येत नाही.

नराने आपलीच पिल्लं खाल्ल्याचीही नोंद या अभ्यासात आहे. विद्यार्थी ही माहिती घरी सांगत नाही. घुबडाचं नाव मुळातच चांगलं नाही, त्यात ही भर कशाला?

खरा अभ्यास मात्र वेगळाच चाललेला असतो. मुलगा एका पक्ष्यावर नजर ठेवून असतो, आणि आख्खा पाडा त्याच्यावर. तिसऱ्या दिवशी दुकानदाराला माहीत असतं, की हा साडेनऊला येतो, पार्लेचा एक पुडा घेतो, अर्धा इथंच खातो. पोरांना माहीत असतं, की हा झाडांशी बोलतो (तो खरं तर रेकॉर्डरमध्ये नोंद करत असतो). बायकांना माहीत असतं, की याला भाकरी करता येत नाही आणि खिचडी तळाला लागते. नमुना एकच असला तरी निरीक्षणात खंड नाही, नोंदी तोंडपाठ, आणि निष्कर्षांवर सगळ्यांचं एकमत. बहिणाबाईंनी सुगरणीचा खोपा पाहून जे सांगितलं ते शेतात काम करता करताच, आणि त्यांना कोणी नमुनासंख्या विचारली नाही. खानदेशात बघण्याची कला जुनी आहे. अनुदानाची तेवढी नवी.

रस्त्यात भेटणाऱ्याची प्रश्नपत्रिकाही ठरलेली असते.

'काय पाही ऱ्हायना भाऊ?'

'घुबड.'

'सरकारी शे का?'

हा प्रश्न घुबडाबद्दल आहे की आपल्याबद्दल, हे मुलाला पहिले दोन महिने कळत नाही. मग 'पगार कितला?' आणि शेवटी 'नोकरी लागस का?' या दोन्हींचं उत्तर तो खाली बघून देतो. पाठ्यवृत्ती मंजूर आहे, आलेली नाही. हे वाक्य अहिराणीत नीट बसत नाही, आणि बसलं तरी समोरच्याला खरं वाटत नाही.

प्रश्न हसण्यावारी नेता येत नाहीत असाही एक प्रसंग येतो. विद्यार्थी झाडाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळतो, जीपीएसवर जागा टिपतो. पाड्यावरचा म्हातारा लांबून पाहत उभा राहतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर सातपुड्यात जीपीएस घेतलेला माणूस दोनच कामांना येतो: दाव्याची जमीन मोजायला, नाहीतर अतिक्रमण काढायला. घुबड बघायला आलेला तिसरा माणूस म्हाताऱ्याच्या अनुभवात नाही, आणि त्याचा अनुभव मुलापेक्षा चाळीस वर्षांनी जास्त. अशा वेळी टेप खिशात घालून चहा घेणं हीच योग्य पद्धत. चहाच्या दुसऱ्या कपानंतर म्हातारा सांगतो, की नाल्यापलीकडच्या मोईच्या झाडाला ढोली आहे आणि तिथं दर वर्षी जोडी असते. मुलाने त्या नाल्याअलीकडे तीन आठवडे काढलेले असतात.

मदतनीस बहुतेक पावरा समाजातला. कान इतके तयार, की बुलबुलांचा गलका ऐकूनच तो सांगतो, घुबड कोणत्या झाडात आहे. मुलगा स्पीकरवर रानपिंगळ्याचा आवाज वाजवतो, जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या त्याला चटकन उत्तर देतात. मदतनिसाला हे पटत नाही. त्याला तो आवाज तोंडाने काढता येतो, बॅटरी लागत नाही. पण होळीच्या आधीचा आठवडा उजाडला की तो दिसेनासा होतो. भोंगऱ्या बाजार लागलेले असतात, ढोल-बासऱ्या वाजत असतात, आणि घुबडाची काय बिशाद त्याला अडवायची? साग पूर्ण उघडा पडलेला, पक्षी दिसायला सगळ्यात सोपा, आणि नेमक्या त्या आठवड्याच्या रकान्यांत रेघा. पुढे कधीतरी परदेशी परीक्षक विचारतो, मार्चमध्ये हा खंड का? मुलगा उत्तरात 'स्थानिक कारणांमुळे' असं लिहितो. त्याच दिवसांत तो स्वतः बाजारात गुलाल लावून फिरत होता, हे तो लिहीत नाही.

परदेशी पाहुणा आला तर त्याला एकदा भरीत पार्टीला नेतात, हा नियमच. थंडीत शेतात कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजतात, हिरव्या मिरच्या कुटतात, कांद्याची पात, वर दाणे, सोबत कळण्याची भाकरी. पाहुणा पहिला घास घेतो आणि पुढची दहा मिनिटं काही विचारत नाही. एवढी शांतता त्याला जंगलातही मिळालेली नसते. पाणी मागितलं तर यजमान प्रेमाने सांगतात, 'पाणी नको, अजून एक भाकरी घ्या.'

लग्नाचा प्रश्न मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. मुलाच्या माहितीपत्रकात 'शिक्षण' या रकान्यात एम.एस्सी. लिहिता येतं. 'सध्या काय करतो' इथं गाडी अडते. घुबड हा शब्द लिहिला तर पत्रक परत येतं, आणि आलेल्या पत्रकावर हळदीकुंकवाऐवजी लिंबाचा वास येतो असं काही मातांचं म्हणणं आहे. आत्या सुचवते, 'वन खात्याशी संबंधित लिही.' काका म्हणतात, 'पर्यावरण लिही, त्यात सगळं बसतं.' शेवटी 'संशोधन (अमेरिकेशी संबंधित)' यावर तडजोड होते. अमेरिकेचा संबंध म्हणजे 1997 मध्ये तिथली तीन माणसं शहाद्याला आली होती.

आणि मग 2014 उजाडतं. मुंबईच्या बाजूला, तानसा अभयारण्यात रानपिंगळा सापडल्याची बातमी येते. पश्चिम घाटाच्या या भागात तो असेल असं कोणी धरलं नव्हतं. शास्त्राच्या दृष्टीने बातमी आनंदाची आहे, हे मुलगा घरी सगळ्यांना समजावून सांगतो: पक्षी जास्त ठिकाणी आहे म्हणजे वाचायची शक्यता जास्त, आणि तिकडचे पक्षी इथून गेलेले नाहीत, ते आधीपासूनच तिथं असणार. मामा शांतपणे ऐकून घेतात. पेपरची घडी घालतात. तानसाला जायला कोणतं स्टेशन, असं विचारतात. आटगाव, कसाऱ्याकडची लोकल धरायची, मुलगा सांगतो. मामा मान डोलावतात.

'घुबडबी मुंबईले लागी गयं,' ते म्हणतात. 'तू कव्हय लागशी?'